काकवीतली रेती

मु. मालेगाव जहागीर, खारा मळा
माघ शुद्ध ५

रेती म्हणे. माह्या काकवीत रेती. चाळीस वर्सं झाले मी गुऱ्हाळाच्या कढईपाशी उभी राहून राह्यली, पापण्याचे केस धुरानं गेले, पण कोण्या मायच्या लेकरानं गोजरा माळणीच्या काकवीत रेती निघाली असं म्हटलं नाई. तुमी म्हटलं. तेही कागदावर, तेही पाकिटात घालून.

अन् पाकीट उघडलं तं घडीतून खरंच रेती सांडली माह्या मांडीवर. काळी, चमकणारी, चिमूटभर. नमुना पाठवला व्हय? का तुमच्या घरी झाडू नाई? रेती पाठवायची रीत तुमच्याकडं दिसते, आमच्याकडं नाई.

आता नमस्कार. शालिग्राम इवाईबुवा, तुमाले अन् सीताबाईले माहा नमस्कार. जावयाले, हिरालालले, आशीर्वाद. हे पत्र सीताबाईले वाचून दाखवजा. सगळं वाचजा, मधातलं सोडू नका. तिले वाचता येत नाई म्हून तुमाले सूट आहे, असं समजू नका.

काकवीचं आईका. उसाचा रस कढईत उकळला की आमी त्यात रानभेंडीचा चिकट रस अन् चुन्याची निवळी टाकतो. मळी वर येते, ते झाऱ्यानं काढून टाकतो. पण सगळंच वर येत नाई. आमची विहीर खारी, मळ्याचं नावच खारा मळा. उसानं त्या जमिनीतून जे वढून घेतलं, ते रस आटल्यावर पांढऱ्या बारीक कणीसारखं होऊन घड्याच्या तळाशी बसते. त्याले गाळ म्हणतात. ते दाताले कचकचते, पोटाले काही करत नाई. माह्या सासूच्या काकवीतही होता, तिच्या सासूच्या काकवीतही असंन. ज्याच्या काकवीत गाळ नाई त्यानं गुळाचं पाणी केलं असं समजावं.

आता दुसरी गोष्ट. घडा संक्रांतीले पाठवला. उचलाले दोन माणसं लागले. माह्या पोरीले, कस्तुरीले, सातवा चालू आहे, तिच्या तोंडाले म्हून पाठवला. गाळ तळाशी असते. तो दाताखाली तवाच येते जवा वरचं संपते. महिन्याच्या आत घडा तळाले गेला. एक पोटुशी बाई अन् दोन माणसांचा घडा. खुराक चांगला आहे पोरीचा, आनंद वाटला.

अन् कस्तुरी लिहीत काहून नाई? तिले अक्षरं म्या शिकवली. माह्या नवऱ्यानं मले टोपलीवर नाव लिहाले शिकवलं होतं, तेवढ्यावर म्या पुढचं वढत नेलं अन् पोरीले दिलं. तिची माय नव्हती, म्हून मलेच द्या लागलं. लग्न झाल्यापासून तिचं एक पत्र नाई. हात मोडला का?

माघ सरायच्या आत चंपत, माहा पोरगा, कस्तुरीचा बाप, गाडी घेऊन येईन. पहिलं बाळंतपण माहेरी होते, हे तुमाले सांगाले नको. फाल्गुन लागला की तिले आठवा लागन, अन् आठव्यात पोटुशीले गाडीत बसवत नाईत. तारीख कळवजा.

गोजराबाई


कारंजा लाड
ता. १९ फेब्रुवारी १९३७

सौभाग्यवती नाही तरी आम्हांस वडील अशा गोजराबाई विहीणबाई यांस शालिग्रामचा कृतानेक नमस्कार. आपले पत्र पावले. घरी वाचून दाखवले. आता ही सांगते तसे लिहितो. शब्द तिचे, अक्षर माझे.

ही म्हणते: गाळ अन् रेती मले समजते. मी काही आकाशातून पडली नाई. बोटावर घेऊन चाखली तं माही दाढ हालली. ते दाढ अजून हालून राह्यली. गाळानं दाढ हालत नाई. भरती केली तुमी घड्यात, हे सरळ बोला.

ही म्हणते: घडा आमच्या घरी आला, तं तो आमच्या घराचा झाला. घरात पाच माणसं खाणारी. सुनेले वेगळं ताट कोणाच्या घरी वाढतात? आल्यागेल्यालेही दिली. तिलेही भेटली. तिच्यासाठी खालची राखून ठेवली होती.

ही म्हणते: सुनेनं माहेरी कागद लिहिला की घरातलं तिकडं जाते. माह्या सासूनं मले माहेरच्या कुत्र्याशी बोलू दिलं नाई, मी काय मेली?

ही म्हणते: गाडी पाठवू नका. वांगी निघून राह्यली, मेथी निघून राह्यली, सकाळी बाजारात टोपल्या भरून द्याले हात नाईत. हिरालाल बाजारात बसते. सून टोपल्या भरते. बाळंतपण अथीच करू, सुईण दोन घरं सोडून आहे. अन् ज्या घरानं रेती पाठवली त्या घरी म्या माही सून अन् माहा नातू कायच्या भरवशावर पाठवावा? आधी रेतीचं बोला.

येथे हिचे संपले.

खालचे मी माझ्या मनाने लिहितो. ही समोर बसली आहे. कागदावर काय उमटते ते बघते, उमटलेले तिला वाचता येत नाही. ओळी जास्त झाल्या की विचारते, तेव्हा मी सांगतो, नमस्कार लांबला.

पाकिटातल्या रेतीबद्दल रागावू नये. मी तरुणपणी पटवाऱ्याच्या हाताखाली लिहायला होतो. तिथे टीपकागद नव्हता. शाई ओली असताना वर बारीक रेती भुरभुरायची आणि झटकायची. ती सवय गेली नाही. अडाण नदीची रेती आणतो, फडक्यातून गाळतो, डबीत ठेवतो. झटकताना थोडी घडीत राहते. मुद्दाम पाठवली नव्हती.

सूनबाई ठीक आहे. घडा तळाला जाऊ लागला तेव्हा मला वाईट वाटले होते. पण मी बोललो नाही. मला बोलायचे असते तेव्हा मळ्यात पाणी द्यायची वेळ झालेली असते.

आपला
शालिग्राम


मु. मालेगाव जहागीर
माघ शुद्ध १३

दाढ हालली तं पडू द्या. वय झालं. माह्या आठ पडल्या, म्या त्याचा दोष कोणाच्या सुनेच्या आजीवर टाकला नाई.

सीताबाईले नमस्कार.

खालची राखून ठेवली म्हणता. म्हणजे वरची पाच जणांनी खाल्ली, आल्यागेल्यानं खाल्ली, अन् खरवडायची वेळ आली तवा माह्या पोरीची आठवण झाली. तुमच्याच तोंडानं सांगितलं हे बरं झालं, मले विचारा लागलं नाई. आमच्या घरी तळाचा गाळ म्हशीच्या आंबोणात टाकतात. म्हशीचं दूध वाढते त्यानं. कस्तुरीलेही फायदा झाला असंन.

रेतीचं बोला म्हणता, तं बोलते. माह्या गाळाची अन् रेतीची पारख एका लिंबात होते. तळाचं जे काय राह्यलं असंन ते थोडं कोमट पाण्यात टाका, गोड धुऊन जाऊ द्या. खाली जे पांढरं बसंन ते वाटीत घ्या अन् त्यावर दोन लिंबं पिळा. माहा गाळ लिंबात विरघळते. सगळा. कणही राहत नाई. रेती शंभर लिंबं पिळले तरी रेतीच राहते. कस्तुरीनं लहानपणी हे खेळ म्हून शंभरदा केलं, माही लिंबं नासवली, मारही खाल्ला. तिले विचारा कसं करायचं ते.

एकटीनं करू नका. शेजारच्या पाच बाया बोलवा, उद्या कोणी म्हणाले नको की गोजराबाईनं जादू केली. सगळं विरघळलं तं तुमी तिच्यासमोर म्हणायचं, की रेती नव्हती. अन् त्या दिवशी गाडीची तारीख लिहायची.

नाई विरघळलं तं मी नाक घासते. पण मले माहा गाळ माहीत आहे.

सुईण दोन घरं सोडून आहे, चांगलं आहे. सुईण मेलेल्या बायांच्याही घराजवळच असते.

इवाईबुवा, आता हे ओळ सीताबाईले वाचू नका. तुमचा लांबलेला नमस्कार भेटला. पोर "ठीक आहे" असं तुमी लिहिलं. जो माणूस शाईवर रेती टाकून झटकते, घडी मोजून घालते, तो "ठीक" लिहून थांबत नाई. काय ठीक नाई ते लिहा.

आता पुन्हा मोठ्यानं वाचा. सीताबाई, लिंबं रसाळ घेजा.

गोजराबाई


कारंजा लाड
ता. २८ फेब्रुवारी १९३७

गोजराबाई विहीणबाई यांस शालिग्रामचा नमस्कार. लिंबाची पारख झाली. जसे घडले तसे लिहितो. ही समोर आहे.

पाच बायका बोलावल्या, सात आल्या. ओट्यावर बसवले. हिने स्वतः घडा आडवा करून तळाचे खरवडून काढले, कोमट पाण्यात धुतले, वाटीत घेतले. सूनबाईने लिंबं चिरली. हिने पिळली, कारण सूनबाईवर भरवसा नको म्हणाली. वाटी ढवळली आणि सगळ्या जणी वाकून बसल्या.

पांढरे होते ते हळूहळू फेसाळून गेले. हिचा चेहरा उतरला. मग वाटी तिरपी केली तर तळाशी जे राहिले ते राहिलेच. काळे, बारीक, उन्हात चमकणारे. आणखी तीन लिंबं पिळली. राहिले. अर्धे विरघळले, अर्धे नाही, असे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले.

ही म्हणते: आता बोला. सात बाया साक्षी आहेत. गाळ तुमचा असंन, ते गेलं लिंबात. हे राह्यलं ते काय हाये? म्या ते वाळवून चिंधीत गाठ मारून ठेवलं. मले पैसा नको, साडी नको. तुमी कागदावर लिहा की म्या रेती पाठवली. मंग गाडीचं पाहू. नाई लिहिलं तं सून अथीच बाळंत होईन. माही दाढ आता दोन ठिकाणी हालून राह्यली.

येथे हिचे संपले. पुढचा नमस्कार लांब आहे.

आपण विचारले म्हणून लिहितो. सूनबाईच्या पायांवर सूज आहे. आधी संध्याकाळी येत होती, सकाळी उतरत होती. आता उतरत नाही. बोटाने दाबले तर खड्डा राहतो. परवापासून सकाळी डोळ्यांखालीही दिसते. तरी पाचला उठून मेथीच्या जुड्या बांधते. मी हिला म्हटले. ही म्हणाली, हिरालालच्या वेळी मलाही होती, बाळंतपणाने उतरली. हिरालाल तिथेच होता. त्याने टोपली उचलली आणि बाजारात गेला. मीही मळ्यात पाणी द्यायला गेलो. पाणी सकाळीच देऊन झाले होते.

ही वाईट नाही. तिच्यावर जे गेले तेच ती पुढे देते. इतके मला कळते. ते तिला सांगणे मला कळत नाही.

लिंबं पिळून झाल्यावर बाया उठून गेल्या. सूनबाईने वाटी उचलली, त्या काळ्या कणांकडे पाहिले आणि हसली. हिला वाटले रडली.

ओळी फार झाल्या. ही विचारते आहे.

शालिग्राम


मु. मालेगाव जहागीर
माघ वद्य ७. हे टपालात टाकलं नाई. चंपत स्वतः घेऊन येऊन राह्यला. गाडी तुमच्या दारात उभी आहे.

(पहिला कागद. मोठ्यानं वाचजा.)

सीताबाई, रेती माही.

म्याच टाकली. घडा थोडा उणा होता. उणा घडा लेकीच्या सासरी पाठवला तं बोल लागते, म्हून तळाशी दोन मुठी रेती टाकली, भरल्यासारखा वाटाले. वाटलं तळाचं कोण पाहते. तुमी पाह्यलं. तुमची नजर चांगली आहे. चूक झाली. लिहून दिलं. खाली आंगठा नाई, सही आहे. सात बाया पुन्हा बोलवा अन् वाचून दाखवा. पाहिजे असंन तं आठवीही बोलवा.

हे एक कबूल झालं. दुसरं कोणी मागितलं नाई, पण कागद उरला आहे.

कस्तुरीची माय गिरजा माही सून. तिच्या पहिल्या खेपेले तिचा बाप पोहरादेवीकडून गाडी घेऊन आलता, सातव्यात. तवा आमचं गुऱ्हाळ चालू होतं. म्या म्हटलं, कढईपाशी हात कमी आहेत, ऊस उभा वाळून राह्यला, पुढच्या आठवड्यात या. पोरीच्या पायावर सूज होती. तिचा बाप म्हणे, बाई, हे पाहा. म्या म्हटलं, मलेही होती, चंपतच्या वक्ती. तो दारातून गाडी फिरवून गेला. आठ दिवसांनी आला तवा कस्तुरी तीन दिवसांची होती, दिवस भरायच्या आतली, माह्या तळहातावर मावत होती. गिरजा नव्हती. त्यानं बैलाले पाणी पाजलं अन् गेला.

त्या साली काकवी फार चांगली झाली होती.

हे अठरा वर्सांत म्या कोणाले सांगितलं नाई. चंपतलेही नाई. त्याले वाटते बाळंतपण होतं, बाया मरतात. तुमाले कळलं पाहिजे म्हून नाई सांगून राह्यली. तुमाले माहे शब्द ओळखीचे वाटतीन म्हून सांगून राह्यली.

गाडीत गादी घातली आहे. वर छप्पर बांधलं आहे. चंपत बैल हळू हाकते. शेलूले मुक्काम करन, दुसऱ्या दिवशी घरी. मीठ बंद करते अन् पाठीवर पडून राहू देते. तुमच्या वांग्यासाठी आमच्याकडची एक बाई पाठवते, टोपल्या भरते ते, गप राहते.

रेती माही आहे. पोरगी तुमची आहे. तुमची म्हूनच मागते.

गोजराबाई

(दुसरा कागद. कस्तुरीच्या हातात द्या. इवाईबुवा, तुमी वाचालच, तं वाचा अन् गप बसा.)

कस्तुरे,

रेती तू टाकली हे मले कळलं. लिंबाचं त्या घरात तुलेच माहीत. तुले लिहू देत नाईत, तं तू सासूलेच माह्याशी भांडाले लावलं, म्हणजे पत्र येईन अन् मी काय चाललं ते वाचीन. डोस्कं माहं गेलं तुह्यात, पाय मायचे गेले. कोणाले सांगू नको. रेती आता माही झाली, कागदावर सही आहे. सासूच्या पाया पडजो, वाकता येत नसंन तं हात जोडजो. चांगलं लुगडं घालून येऊ नको, गाडीत खराब होते. येताना रडली तं उतरवून देईन.

आजी


कारंजा लाड
ता. ८ मार्च १९३७

गोजराबाई विहीणबाई यांस नमस्कार. हे चंपतरावांच्या हाती देतो.

पहिला कागद वाचला. रेतीचे हिने दोनदा वाचून घेतले. दुसऱ्यांदा सात बायकांसमोर. आठवी मिळाली नाही. सगळ्या म्हणाल्या, पाहा, कबूल केलं. ही म्हणाली, मले कोणाचं नाक घासून घ्याची हौस नाई, बस झालं.

बायका गेल्यावर उरलेले वाचले. ते मी बायकांसमोर वाचले नव्हते. ही ऐकत होती. एकदाच ऐकले, पुन्हा वाच म्हणाली नाही. दाढेवर बोट ठेवून बसली. मग उठून आत गेली, आणि तिथून मला म्हणाली, गाडीच्या आसाले तेल पाहिलं का त्यांच्या, का दोन दिवस कुरकुरत नेतीन.

मी तेल घातले.

तिने सूनबाईसोबत दिले ते असे: मेथीची वाळली भाजी, एक घोंगडी, तुपाची लहान कासंडी, आणि ती चिंधी, गाठ मारलेली. तिचे शब्द लिहितो. "त्यांची रेती त्यांले परत. आपल्याले कोणाचं काही नको." हे ती मला सांगताना माझ्याकडे बघत नव्हती.

हिरालाल गाडीबरोबर शिवेपर्यंत चालत गेला. बाजार बुडाला. आईला विचारले नाही.

दुसरा कागद मी वाचला. सूनबाईला दिला. तिने वाचला, माझ्याकडे पाहिले, घडी घालून चोळीत ठेवला. रेती कोणी टाकली याबद्दल मी काय लिहावे. आपण सही केली आहे.

आज ही समोर नाही. तरी जास्त लिहीत नाही. सवय नाही.

शालिग्राम


मु. मालेगाव जहागीर, खारा मळा
चैत्र शुद्ध ९

नाक तुमच्या घरचं आणलं पोट्टीनं. एवढं मोठं नाक एवढ्याशा तोंडावर, म्या आतापर्यंत बावीस लेकरं हातात घेतले, असं पाह्यलं नाई. मुलगी झाली. नातू म्हणत होती सीताबाई, तं तिले सांगा नात आहे, अन् नाक तिचंच आहे, म्हून बोलाले जागा नाई.

नमस्कार.

कस्तुरी बरी आहे. सोपं नाई गेलं. सूज बाळंतपणाच्या आधी वाढली होती, एक दिवस तिले डोळ्यापुढं अंधारी आली, झटकाही आला. म्या मिठाचं दर्शन होऊ दिलं नाई, उजेड होऊ दिला नाई, चंपतले पळवलं, वाशीमचा डॉक्टर आणला. तो सांजेपर्यंत बसला. म्हणे, अजून आठ दिवस मेथी बांधली असती तं मी येऊन उपयोग नव्हता. हे सीताबाईले वाचायचं का नाई ते तुमी ठरवा. मी असती तं नसतं वाचलं. ज्यानं सून येऊ दिली त्याले कायचं सांगायचं.

आता कामाचं बोलते.

कस्तुरीले बसता येऊ लागल्यावर म्या विचारलं, रेती केवढी टाकली होती गं, दोन मुठी? ते म्हणे, कोणती रेती? म्या म्हटलं, मले शिकवू नको, कागद तुह्याकडं आहे. ते म्हणे, आजी, म्या नाई टाकली. ते म्हणे, लिंबाच्या दिवशी मी हसली कारण मले वाटलं, आजी, तूच टाकली, खरंच, अन् आता पकडली गेली. तुह्या सहीवर तं माहा पूर्ण भरवसा बसला.

बापा. म्हणजे पोरगीही मले चोर समजत होती.

मंग सीताबाईनं पाठवलेली चिंधी सोडली. काळी, बारीक, चमकणारी. एक खडा नाई, एक काडी नाई. अशी रेती नदीतून मुठीनं उचलली तं भेटत नाई. अशी रेती कोणीतरी फडक्यातून गाळा लागते.

मी पाकिटं फेकत नाई. पालथी करून बियाण्याची नावं लिहाले कामी येतात. तुमचं पहिलं पाकीट वाळकाच्या बियाले वापरलं होतं. बिया काढल्या अन् ते पाकीट थाळीत झटकलं. बाजूले चिंधी झटकली. चंपतले बोलवलं, म्हटलं, ह्या दोन ढिगातला फरक सांग. तो म्हणे, फरक काय, एकच आहे, अन् जेवायच्या थाळीत रेती काहून घेतली?

इवाईबुवा, दोन महिने मी तुमाले मळ्यात पाणी देणारा माणूस समजत होती.

पाकिटं सीताबाईच्या पेटीत राहतात, कस्तुरीनं सांगितलं. घरातून कागद जायचा तं तिच्या हातून जाते, अन् तो भांडणाचा असला तं लवकर जाते. सूज तुमी पाह्यली होती, संक्रांतीनंतरच. बोलले नाई. डबी उघडली अन् तळाच्या काकवीत पालथी केली, जिथं सीताबाई बोट घालन तिथं. तिची दाढ हालली तवा पत्र निघालं. तिच्या रागाच्या खाली तुमी तुमचा नमस्कार लांबवला. लिंबाची पारख म्या सांगितली तवा तुमाले घाम फुटला असंन. तरी "अर्धे नाही" हे खरं लिहिलं. अन् म्या सही केली तवा गप बसले.

म्या चाळीस वर्सांची काकवी एका सहीत घालवली. मालेगावच्या बाजारात पोहोचलं ते. परवा एक बाई म्हणे, गोजराबाई, यंदा किती मुठी? म्या म्हटलं, तुह्यासाठी तीन.

रेती माहीच राहू द्या. सीताबाईले सांगू नका. तिनं ज्या गोष्टीवर सून सोडली ती खोटी होती असं तिले वाटू नये. रेतीच्या कबुलीवर नसंन सोडली, गिरजाच्या गोष्टीवर सोडली असंन, पण तिले वाटते तसं वाटू द्या. पोरगी सव्वा महिन्यानं अंघोळून निघन, पुढं दोन महिने ठेवते, मंग हिरालालनं न्याले यावं. आईले विचारून यावं, पण यावं. नवा घडा तयार आहे. यंदा तळाची तुमाले, वरची कस्तुरीले, हे सीताबाईले मोठ्यानं वाचजा.

बाकीचं वाचू नका.

याचं उत्तर सीताबाईच्या नावाचं नको, "ही म्हणते" नको, हिरालालकडून नको. उत्तर तुमी द्यायचं, तुमच्या मनानं, पहिल्या ओळीपासून. अन् शाई वाऱ्यानं वाळू द्या.

गोजराबाई